कोका-कोलाची गुप्त कृती : दंतकथा कोणाच्या कामाची?

जनता राजवटीची आठवण निघाली की एक कथा हमखास सांगितली जाते. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोलाकडे पेयाची गुप्त कृती मागितली, कंपनीने ती नाकारली आणि १९७७ साली देश सोडला. समाजवादी कार्यकर्ते ही कथा अभिमानाने सांगतात. तिच्यातून जे वगळले जाते, तेच महत्त्वाचे आहे.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये अशा कंपनीतील परकी भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत उतरविणे आवश्यक होते. तंत्रज्ञानाची मागणी होती, पण ती मालकीच्या मागणीला जोडूनच. कंपनीने गोपनीयतेची ढाल पुढे केली आणि लोकस्मृतीत कृती तेवढी उरली, मालकी पुसली गेली. बहुराष्ट्रीय भांडवलाला याहून सोयीस्कर स्मृती कोणती असणार?

या कृतीभोवती रचलेल्या कथा सर्वश्रुत आहेत. ती केवळ दोघांना ठाऊक, प्रत्येकाजवळ अर्धीच, ते दोघे कधी एका विमानात बसत नाहीत. जे पेय जगभर विकले जाते, ज्याचा अर्क अनेक देशांत तयार होतो, त्याचे घटक टनावारी खरेदी करणारे, मोजणारे आणि मिसळणारे काय डोळे बांधून काम करतात? १९७९ साली अटलांटातील एका वृत्तपत्राने जुन्या वहीतील कृतीचे छायाचित्र छापले, तरी कंपनीचा व्यापार तसूभरही ढळला नाही. ‘मूळ’ कृतीचा गवगवाही पोकळच. तिच्यातील कोकेन विसाव्या शतकाच्या आरंभीच गेले. अमेरिकेत १९८० च्या दशकात साखरेची जागा मक्याच्या पाकाने घेतली. १९८५ साली कंपनीने स्वतःच चव बदलली आणि तीन महिन्यांच्या आत जुनी चव परत आणली.

मग कृतीचे मोल कशात? १९१९ साली अर्नेस्ट वुडरफ आणि त्यांच्या भागीदारांनी कंपनी विकत घेतली, तेव्हा कर्जासाठी तारण म्हणून ही कृती न्यूयॉर्कच्या एका बँकेत ठेवली गेली. २०११ पासून तिची तिजोरी अटलांटातील कंपनीच्या संग्रहालयात आहे आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. रहस्य हे आधी तारण झाले, मग प्रदर्शन. पुण्याजवळ पिरंगुट येथे कंपनीचा अर्काचा कारखाना आहे. जाहिरातींवरील सेवाकराची वजावट अर्काच्या उत्पादनापोटी मिळावी, असा कंपनीचा दावा होता आणि २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. अर्काच्या किमतीत जाहिरातीचा खर्च सामावलेला असतो, हेच त्याचे सूत्र. गिऱ्हाईक पाणी आणि साखरेबरोबर दंतकथेचेही पैसे मोजते.

या मोहातून जनता सरकारही सुटले नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कृती तयार केली, सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने ‘डबल सेव्हन’ हे पेय बाजारात आणले. पण ते टिकले नाही. कृती होती; बाटल्यांचे जाळे, दुकानदारांशी संबंध आणि प्रचाराची ताकद नव्हती. ती ताकद पार्लेच्या ‘थम्स अप’कडे होती. १९९३ साली कंपनी परतली तेव्हा तिने स्पर्धा करण्याऐवजी थम्स अपच विकत घेतले. परकी मालकीला घातलेली वेसण तोवर सैल झाली होती. कृतीचे रहस्य अबाधित राहिले. देशी उद्योग मात्र राहिला नाही.

डावीकडच्या दंतकथाही तितक्याच निरुपयोगी आहेत. पेयात बुडवलेला दात रात्रीत विरघळतो, असे सभेत सांगितले की हशा पिकतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी प्रयोग करून ते खोटे ठरवितो आणि खरा आरोपही त्याच्याबरोबर वाहून जातो. केरळातील प्लाचिमाडाच्या आदिवासी स्त्रियांना असल्या कथेची गरज भासली नाही. आपल्या विहिरींचे पाणी आटले आणि बिघडले, एवढेच त्या सांगत राहिल्या. २००४ साली तेथील कारखाना बंद पडला आणि २०१७ साली तो पुन्हा चालू करणार नसल्याचे कंपनीने सर्वोच्च न्यायालयात सांगितले.

तिजोरीत काय आहे, हे विचारून कंपनीची झोप उडत नाही. पाणी कोणाचे, नफा कोणाकडे जातो आणि कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या पदरात काय पडते, हे विचारले की उडते. कार्यकर्त्यांनी सभेत विचारावयाचे प्रश्न हेच आहेत.