पत्ती की कार्ड?

ऐन कांद्याच्या पाण्याला मोटर जळाली की पिंपळनेरच्या परिसरातला शेतकरी ती रिवाइंडिंगच्या दुकानात आणून टाकतो. काळी पडलेली तार उलगडताना कारागीर पहिला प्रश्न विचारतो, ‘रिले चालू होता ना?’ उत्तर बहुतेक वेळा लगेच येत नाही. मग दुकानात बसलेल्यांचे दोन पक्ष पडतात. जुन्या पत्तीच्या रिलेचा काळ संपला, आता इलेक्ट्रॉनिक कार्डाचेच पॅनल बसवावे, असे एक पक्ष म्हणतो. कार्ड म्हणजे नवे दुखणे, पत्तीच बरी, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. दोघांच्याही मागे पदरमोड करून मिळालेला अनुभव आहे, म्हणून दोघांचेही नीट ऐकले पाहिजे.

आधी ही पत्ती काय करते ते पाहू. स्टार्टरची पेटी उघडली की खालच्या बाजूला रिले दिसतो. त्याला एक छोटी फिरती तबकडी आणि एक रिसेटचे बटण असते. आत तीन फेजसाठी तीन पत्त्या असतात. प्रत्येक पत्ती दोन वेगळ्या धातूंचे थर एकमेकांना घट्ट सांधून केलेली असते. तापल्यावर सगळे धातू सारखे वाढत नाहीत. एक मीटर लांबीची पितळी सळई १०० अंशांनी तापली तर सुमारे १.९ मिलिमीटर वाढते, पोलादाची सुमारे १.२. दहा सेंटिमीटरच्या पट्टीत हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका, जेमतेम ०.०७ मिलिमीटर, भरतो. तेच दोन धातू सांधून एक मिलिमीटर जाडीची पट्टी केली आणि तिचे एक टोक पक्के धरले, तर दुसरे टोक जवळपास पाच मिलिमीटर वाकते. डोळ्याला न दिसणारी वाढ दिसेल अशा हालचालीत बदलते ती अशी. १८व्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावरच्या घड्याळासाठी पितळ आणि पोलादाची अशी पट्टी वापरली. १८९६ मध्ये गियोम या शास्त्रज्ञाला उष्णतेने जवळजवळ न वाढणारा इन्व्हार हा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू सापडला आणि पत्तीच्या कामात अधिक नेमकेपणा आला. त्याला १९२० चे नोबेल मिळाले. इस्त्रीचा ‘टक्’ आवाज, ट्यूबलाईटच्या स्टार्टरची उघडझाप, घरातल्या एमसीबीचे खटके, या सगळ्यांमागे हीच पत्ती आहे.

मोटरच्या रिलेत ती हवेचे तापमान मोजत नाही. मोटरचा प्रवाह तिला तापवतो आणि तिच्या तापण्यावरून मोटरच्या तापण्याचा अंदाज येतो. पत्तीची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे. मोटर सुरू होताना क्षणभर सहा-सात पट प्रवाह खेचते, तेव्हा पत्ती घाई करत नाही. मात्र भार थोडाच जास्त असला तरी तो टिकून राहिला, तर ती हळूहळू वाकते आणि मोटर बंद पाडते. प्रमाणित रिले ठरवलेल्या प्रवाहाच्या १.०५ पटीला दोन तास पडत नाही, १.२ पटीला मात्र दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे. लाईट गेली तरी तापलेली पत्ती तापलेलीच राहते, मोटरही तशीच राहते. म्हणजे या रिलेला उष्णतेची आठवण आपोआप असते. कार्डात तीच आठवण मुद्दाम घालावी लागते आणि स्वस्त कार्डात ती लाईट गेल्यावर टिकेलच असे नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडते, तारेतून झटका येतो. त्याने पत्तीला सहसा काही होत नाही, पण कार्ड गेले तर ते गावात दुरुस्त होत नाही.

तथापि दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही. पत्तीला फक्त जास्त प्रवाह कळतो. बोअर आटला आणि मोटर पाण्याविना फिरू लागली की प्रवाह उलट कमी होतो. पत्ती थंड, रिले शांत, आणि खाली बुश जळतात. जिथे उन्हाळ्यात पाणी दर आठवड्याला खाली जाते, तिथे हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. दुसरे असे, की पाणबुडी मोटर पाण्यानेच थंड राहते आणि तिच्यात उष्णता साठवायला जागा कमी असते. ती अडकली तर काही सेकंदांत धोका होतो, आणि साधा रिले तिच्यासाठी सावकाश ठरू शकतो. फेज गेल्यावर भरल्या भाराच्या मोटरचा उरलेल्या फेजांतला प्रवाह साधारण १.७ पट होतो. तो पत्तीला कळतो, पण उशिरा. भार कमी असेल तर कळेलच याची खात्री नाही. कार्ड फेज गेल्याचे क्षणात ओळखते, पाणी संपल्याचेही ओळखते.

आणखी एक तक्रार खान्देशातच सुचावी अशी आहे. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि स्टार्टर पत्र्याच्या पेटीत भर उन्हात टांगलेला असतो. ऊन कुठले आणि प्रवाह कुठला, हे पत्तीला वेगळे कळत नाही. चांगल्या रिलेत हवेच्या उष्णतेची भरपाई करणारी आणखी एक पत्ती असते, साध्यात नसते. अचूकता हीच गरज असेल तर वाद फारसा उरतही नाही. पलीकडच्या नवापूर तालुक्यात कोंबड्यांचा व्यवसाय मोठा आहे. अंडी उबवायच्या यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान धरून ठेवायचे असते, तिथे पत्तीची सैल उघडझाप पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकच लागतो.

दोन्ही बाजू ऐकल्यावर मला वाटते, खरी अडचण पत्ती आणि कार्ड यांच्यामध्ये नाही. ती रात्रीच्या वेळापत्रकात आहे. ज्या पांझरेच्या काठी एके काळी फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी नुसत्या उताराने शेतात जात होते, तिथे आज विहिरीविहिरीवर मोटर आहे. शेतीच्या अनेक फिडरना थ्री फेज लाईट आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्री दोनला रिले पडला की बिबट्याच्या भीतीत, बॅटरी घेऊन, वरंब्यांतून चालत जायचे. हे चार वेळा झाले की माणूस तबकडी शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतो, नाहीतर बटणाखाली काडी अडकवतो, नाहीतर वायर डायरेक्ट करतो. त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. पीक वाळताना पाहणाऱ्याला उद्याच्या मोटरपेक्षा आजचे पाणी मोठे वाटणारच. पण विजेचा दाब कमी असतो म्हणून मोटर जास्त प्रवाह खेचते, आणि तेव्हाच रिले वारंवार पडतो. तो पडतो म्हणजे लाईन वाईट आहे हे सांगत असतो. त्याला गप्प केले तर तक्रार करायला पुरावाही उरत नाही.

लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्टार्टरने रात्रीची पायपीट वाचते, हे खरे. दुसरीकडे, लाईट येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर डीपीवर ताण येतो, म्हणून ऑटो स्विच काढण्याचे आवाहन महावितरण वारंवार करते. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. दिवसा लाईट मिळाली तर ऑटो स्टार्टरची आणि या आवाहनाचीही गरज कमी होईल, आणि ती मागणी शेतकऱ्याची न्याय्य मागणी आहे.

तोवर माझा कल असा आहे. उघड्या विहिरीवर, पाणी पुरेसे असेल तर, भरपाई असलेला चांगला पत्तीचा रिले पुरतो. बोअर खोल असेल, पाणी बेभरवशाचे असेल, तर कार्डाचा खर्च करावा, पण पत्ती काढून टाकू नये. कार्ड पुढे, पत्ती मागे, अशी दोघांची राखण असावी. कार्ड ज्या दिवशी बिघडेल, त्या दिवशी मोटरपाशी पत्ती उभी असेल. खर्च वाढतो, हा आक्षेप मान्य आहे. मात्र एकदा मोटर वर काढणे, तिचे रिवाइंडिंग आणि मधल्या काळातले वाळलेले कांदे यांचा हिशेब ज्याने केला आहे, त्याला हा खर्च मोठा वाटणार नाही.

या हंगामाआधी एवढे करा. मेन बंद करून पेटी उघडा आणि मोटरच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा पाहा. साध्या डीओएल स्टार्टरला तबकडी त्याच आकड्यावर हवी. स्टार-डेल्टा असेल तर आकडा वेगळा असतो, तो वायरमनकडून लावून घ्या. बटणाखाली काडी असेल, तर ती आजच काढा.