सायकल दिली, वाट कोण देणार?

वाशीम जिल्ह्याच्या पोटातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मुंबई-नागपूर हे ७०१ किलोमीटरचे अंतर आठ तासांत कापता यावे, यासाठी सुमारे ५५ हजार कोटी रुपये उभे राहिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पाही. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. त्याच जमिनीवर आज पादचाऱ्याला पाय ठेवण्यास आणि सायकलस्वाराला चाक फिरविण्यास मज्जाव आहे. भरधाव मोटारींच्या रस्त्यावर ही बंदी रास्त आहे, हे मान्य. परंतु ज्यांना तेथे मज्जाव, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता कोठे आहे?

या प्रश्नाची धार शासनाच्याच एका योजनेने वाढविली आहे. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. योजना स्तुत्य आहे; सायकलीने अनेक मुलींचे शिक्षण तारले आहे. मात्र पाच हजार रुपये देऊन शासन हात झटकते. ती सायकल घेऊन मुलगी उतरते ती ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या गर्दीत, रस्त्याच्या खचलेल्या कडेवर. वाशीम शहराभोवती वाढलेल्या वस्त्यांतून शाळा, बाजार वा कचेरी गाठणाऱ्या मोलकरणी, हमाल, वृद्ध यांची गतही तीच. वस्ती वाढली, भूखंड विकले गेले. चालणाऱ्याची वाट मात्र कोणाच्याच नकाशात आली नाही.

‘आता प्रत्येकाच्या दारात मोटारसायकल आहे, सायकल कोण चालवतो?’ असे विचारणारे शहाणे पुष्कळ आहेत. ज्यांच्या दारात ती नाही, त्यांची गणती हे शहाणे करीत नाहीत. आणि घरात एक मोटारसायकल असली तरी ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असते. बायका-मुले पायीच असतात.

दुसऱ्या बाजूस सायकलमार्ग म्हणजे शोभेची वस्तू समजणारे नियोजन आहे. मुंबईत पवई तलावाच्या काठी असा मार्ग आखला गेला. ६ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सुटीच्या दिवशी फेरफटका मारणाऱ्यांची हौस ही कष्टकऱ्यांची गरज नव्हे. वाशीमला हवी आहे ती वस्तीपासून शाळेपर्यंत आणि नाक्यापासून बाजारापर्यंत जाणारी साधी, सपाट, सावलीची, रात्री दिवा असलेली वाट. तीही फेरीवाल्यांना हुसकून नव्हे, त्यांची जागा राखून.

मग येते ठरलेले उत्तर: निधी नाही. महाराष्ट्राला हे उत्तर शोभत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर ग्रामीण मजुराला काम देण्यासाठी याच राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसविला. शहरातील पगारदाराने तो भरला आणि शासनाने तितकीच भर घालण्याची जबाबदारी पत्करली. कामाच्या हक्कासाठी कर लावता येतो, तर चालण्याच्या हक्कासाठी मोटार वाहन कराचा ठरावीक हिस्सा का राखता येऊ नये? रस्ता झिजविणाऱ्याने रस्त्याबाहेर ढकललेल्याचे देणे द्यावे, यात अन्याय कोणता? पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. हक्काला निधीची सबब चालत नाही.

केंद्राने २०१८ साली वाशीमची गणना ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत केली. येथील जनतेची आकांक्षा फार मोठी नाही: मुलगी सायकलवरून शाळेत जावी आणि सुखरूप घरी यावी. कार्यकर्त्यांनी शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहून पायी आणि सायकलीने जाणाऱ्यांची मोजणी करावी. वाट कोठून हवी, हे त्या मुलींकडूनच जाणून घ्यावे. त्यावरून तयार झालेला नकाशा ग्रामसभेत व नगर परिषदेत मांडावा आणि जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात या वाटांसाठी स्वतंत्र तरतूद होईपर्यंत तो प्रत्येक बैठकीच्या दारात धरावा. समृद्धीचा रस्ता वरून आला. चालणाऱ्यांची वाट खालूनच निघेल.