सून जेवायला देत नाही?

शेजारची म्हातारी दारात बसून सांगते, "सकाळपासून पोटात काही नाही. सून देतच नाही." संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर होते. प्रत्यक्षात सुनेनं तासाभरापूर्वीच तिला आपल्या हातानं भरवलेलं असतं. जेवल्याचं तिला आठवत नाही, इतकंच. ती खोटं बोलत नाही, सूनही बोलत नाही. निकाल मात्र आपण देऊन मोकळे होतो.

या आजाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवतो, नाहीतर 'काहीतरी असर आहे' म्हणून आमिलकडे नेतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा आजार असावा. पुरुषांपेक्षा बायकांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण जास्त. उरलेल्या नव्वदांवर माणसांना तो नाही, तेव्हा वय झालं की असं होणारच, हेही खरं नाही.

गोवंडीत हा आजार लपवून लपत नाही. शिवाजीनगर, बैंगनवाडीत भिंतीला भिंत लागलेली. रात्री दोनला दादी "मला माझ्या घरी जायचंय" म्हणत दार वाजवू लागली, की चार घरं जागी होतात. तरी घरचे गप्प राहतात, कारण मुलीचं स्थळ मोडेल, लोक वेड्यांचं घर म्हणतील. मग शेजारी ऐकलेल्या आरडाओरड्याचा आपापला अर्थ लावतात, आणि बहुतेक वेळा तो सुनेवरच येतो.

शिवाय इथल्या गल्ल्या एकसारख्या. रोड नंबर, प्लॉट नंबर हाच पत्ता. तो विसरलेला माणूस फजरला मशिदीत जातो आणि परतीच्या वाटेवर हरवतो. म्हणून आम्ही म्हणतो, सांगून टाका. दोन शेजाऱ्यांना, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, मुअज्जिनसाहेबांना, रिक्षा स्टँडवर. कपड्याच्या आत नाव आणि फोन नंबर शिवून ठेवा. गळ्यात तावीज चालतो, तर नंबरची पट्टी का चालू नये? शेजाऱ्यांना एवढंही सांगा, की ती भूक लागली म्हणाली तर "आत्ताच जेवलीस ना" असा वाद घालू नका. चहा-बिस्किट द्या, थोडं बोला.

असरची नमाज तीनदा पढणाऱ्या, रकातींचा हिशेब चुकणाऱ्या नानीला घरात टोकलं जातं. कशासाठी? समज हरपलेल्यावर इबादतीची जबाबदारी राहत नाही, हे आपले उलेमा सांगत आले आहेत. कुरआनात सूरह नहल आणि सूरह हज या दोन्हींत, जाणतं असलेलं माणूस उतारवयात काहीच न जाणणारं होतं, या अवस्थेचा उल्लेख आहे. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात हा विषय एकदा घेतला, तर आमच्या दहा लेखांपेक्षा जास्त काम होईल.

दवाखाना मात्र टाळू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, खोल उदासी यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारानं सुधारू शकतो. गोवंडीतच महापालिकेचं शताब्दी रुग्णालय आहे. सुरुवात तिथून करता येईल. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही फोन मोफत आहेत.

आणि ती सून. पूर्ण दिवस दादीच्या मागे तीच असते. गल्लीतल्या बायकांनी पाळीपाळीनं दुपारचे दोन तास दादीजवळ बसायचं ठरवलं, तर तिला मुलाच्या शाळेत जाऊन येता येईल, नाहीतर नुसतं झोपता येईल.