ईश्वराचे देणे आणि माणसाचा वाटा

आपल्या निवासी शाळेत जगातील प्रमुख धर्मांची ओळख करून देण्याचा एक तास असतो. त्याविषयी पालकसभेत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव सोडले, मग आमच्या मुलांना येशू आणि अल्लाह यांच्याविषयी शिकवायचे ते कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही तितकेच प्रामाणिक दिले पाहिजे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या रोहिणखेडात लहानशी पण देखणी अशी एक जुनी मशीद आहे. खुदावंदखान महदवी याने ती १५८२ साली बांधली. सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३–१५०५) यांच्या अनुयायांना महदवी म्हणतात. ईश्वराचे अखंड स्मरण, ऐहिक मोहाचा त्याग, ईश्वरावर संपूर्ण भरवसा ही कर्तव्ये या पंथाने सांगितलीच. पण त्यांच्याच बरोबरीने मिळकतीचा दहावा हिस्सा देणे हेही कर्तव्य मानले. महदवी साधकांच्या वस्तीला 'दायरा' म्हणत. दायऱ्यात जे काही येई ते सर्वांमध्ये समसमान वाटले जाई आणि या वाटणीला 'सवियत' असे नाव होते. मशीद बांधून झाल्यावर दहा वर्षांच्या आतच याच गावाजवळ अहमदनगरच्या निजामशाही गादीसाठी लढाई झाली आणि महदवी सरदार जमालखान तीत मारला गेला. समान वाटणीची शिकवण आणि गादीसाठी झालेला रक्तपात, या दोन्ही गोष्टी आपल्या एकाच गावाच्या इतिहासात शेजारी शेजारी आहेत. कोणताही धर्म तपासताना त्या दोन्ही डोळ्यांसमोर ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.

इस्लाममध्ये माणूस हा अल्लाहचा बंदा आहे, तसाच तो पृथ्वीवरील त्याचा विश्वस्तही आहे. एकेश्वरावर श्रद्धा, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असल्यास हज ही त्याची मूलभूत कर्तव्ये होत. इस्लामी धर्मशास्त्र कर्तव्यांचे दोन भाग करते. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. अल्लाहच्या हक्कांत कसूर झाली तर पश्चात्तापाने तो क्षमा करील. परंतु दुसऱ्या माणसाचे बुडवलेले देणे, केलेला अपमान किंवा बळकावलेली जमीन यांची क्षमा त्या माणसाकडूनच मागावी लागते, असे मुस्लिम विद्वान सांगत आले आहेत. नमाज पढणारा पण शेजाऱ्याला रोजच्या वापरातील साधी वस्तूही नाकारणारा माणूस कुराणाच्या एका छोट्याशा अध्यायात कठोर निंदेस पात्र ठरला आहे.

ख्रिस्ती धर्मात नात्याचा सूर वेगळा आहे. तेथे ईश्वर पिता आहे आणि माणूस त्याचे लेकरू. ईश्वराची कृपा कर्माने विकत घेता येत नाही. सत्कर्म ही त्या कृपेला दिलेली कृतज्ञ साद होय. येशूने सर्व आज्ञांचे सार दोन आज्ञांत सांगितले: देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे. वेदीवर अर्पण आणलेल्या माणसाला भावाच्या मनात आपल्याविषयी किल्मिष असल्याचे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून यावे, असेही त्याने सांगितले. अंतिम न्यायाच्या त्याच्या वर्णनात प्रश्न विचारले जातात ते भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, तुरुंगातल्याची भेट घेतली का, असे. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना केडगावच्या आश्रयाला आणले. त्यांच्या दृष्टीने ते देवाचेच काम होते.

आता या कर्तव्याचे माप पाहा. आपण शेतकरी आणि शेतमजुरांची मुले आहोत, तेव्हा ते आपल्याला चटकन उमगेल. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यावा लागतो. पावसावर आलेल्या पिकातून दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकातून विसावा हिस्सा, असा उश्रचा नियम आहे. जकात गरीब, गरजू, कर्जात बुडालेले, प्रवासात अडलेले अशांसाठी असते. तो त्यांच्यावर उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क मानला आहे. बायबलच्या जुन्या करारात दशमांश आहे आणि दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशावर उपरा, अनाथ आणि विधवा यांचाही अधिकार सांगितला आहे. तेथे आणखी एक आज्ञा आहे. पीक कापताना शेताचे कोपरे कापू नयेत आणि खाली पडलेली कणसे गरिबाला व परक्याला वेचू द्यावीत. सरवा वेचून घर चालवलेल्या आयांची मुले आपल्या शाळेत शिकून गेली आहेत. या आज्ञेचे मोल त्यांना कोणत्याही पंडिताहून अधिक कळेल. पुदिना आणि जिरे यांचासुद्धा दशमांश काटेकोरपणे देणारे पण न्याय आणि दया विसरणारे लोक येशूच्या टीकेचे धनी झाले, ते याच कारणाने.

म्हणजे ईश्वरासाठी काढलेला हा वाटा शेवटी माणसाच्या हाती पडतो. तथापि या दोन्ही धर्मांना केवळ समाजसेवा ठरवणे अन्यायाचे होईल. मुसलमानाच्या दृष्टीने अल्लाहशी कोणाला भागीदार मानणे हा सर्वांत मोठा अपराध आहे. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने पहिली आज्ञा ही पहिलीच आहे. उपासना त्यांना स्वतंत्रपणे मोलाची वाटते. आपल्याला ते मान्य नाही. पण शेजारी जे मानतो ते नीट समजून घेतल्यावाचून त्याला नाकारणे म्हणजे बुद्धीचा आळस होय. आणि त्यांच्याच कसोटीवर त्यांच्या समाजांना प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपल्याला आहे. चर्चमध्ये जातीनुसार वेगळ्या बसलेल्या रांगा, मुसलमानांतील अश्राफ आणि अजलाफ हा भेद यांचा जाब त्यांचाच ईश्वर त्यांना विचारील की नाही?

बाबासाहेबांची भूमिका येथे लक्षात घ्यावी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास घोषणा केल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्यांनी एकवीस वर्षे धर्मांचा विचार केला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांतील फरक स्पष्ट केला. धर्म ईश्वर आणि सृष्टीचा आरंभ यांत गुंततो. धम्म माणसाने माणसाशी कसे वागावे याचा विचार करतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी हेच प्रत्यक्ष करून दाखवले. तरुण सिगाल ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण. नमस्कार त्यांनी तोडून टाकला नाही; त्याचे कर्तव्यात रूपांतर केले.

पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर येथे येते. मुलांना त्या धर्मांकडे वळवावे म्हणून हा तास नसतो. आपल्या धम्माने आपल्यावर किती मोठी जबाबदारी टाकली आहे, हे त्यांना तुलनेने कळावे म्हणून तो असतो. देव सोडल्याने आपले ओझे हलके झाले, असे समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वास्तविक ते वाढले आहे. आपल्याला कयामतच्या दिवसाचे भय नाही, नवस नाही, पापक्षालनाची सोय नाही. कोणी हिशेब मागणार नाही, म्हणून तो आपणच ठेवायचा आहे.

आणि हिशेबाचा आकडाही आपल्याला दिलेला आहे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा, असे सांगितले. मुसलमान शेजारी रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडतो, ख्रिस्ती शेजारी दशमांश बाजूला काढतो. चौदा एप्रिलला निळा झेंडा खांद्यावर घेणाऱ्या आपल्यापैकी किती जण वर्षअखेर विसावा हिस्सा मोजून ठेवतात? आम्ही शिक्षकही या प्रश्नातून सुटत नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. पैशाचा विसावा हिस्सा जड जात असेल, तर वेळेचा द्या. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांचा विसावा हिस्सा सुमारे अठरा दिवस होतो. त्या अठरा दिवसांत वसतिगृहात येऊन मुलांना गणित शिकवता येईल, पदवीच्या अर्जांची माहिती देता येईल, नापास झालेल्या एखाद्या मुलाच्या शेजारी बसता येईल. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा तो वाटा आहे आणि तो अजून आपल्याकडेच आहे.