ध्रुवावरचा माणूस आणि वडनेरची विहीर

दिवाळीतले दोन दिवस आजोळी काढायचे, हा आमच्या घरचा जुना नेम. आजोळ वडनेर भोलजीला. मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघाले, की हमरस्त्यावरच हे गाव लागते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कपाशीची शेते आणि मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढणारा पारा, ही आमच्या आजोळची संपत्ती. समुद्र इथून सुमारे पाचशे किलोमीटरवर. गावातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो कधी पाहिलेला नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही.

यंदा मात्र पायातली चप्पल काढतो न काढतो तोच वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठले. वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची पत्नी. हातात करंजीचे कातणे, आणि चेहऱ्यावर दिवाळीचे एकही चिन्ह नाही.

“भाऊजी, तुमी कालेजात शिकवता. पोरगी तुमचं आयकते. तिले समजावून सांगा बरं.”

पोरगी म्हणजे माझी पुतणी. वय सतरा. तिने खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा द्यायचे ठरवले होते, आणि तीही नौदलासाठी! मुलींना ते दार उघडल्याला आता काही वर्षे झाली, हे वहिनींना ठाऊक होते. “दार उघडलं म्हणून का सारेच घुसतात?” एवढाच त्यांचा सवाल होता.

मी जबाबदारी पत्करली. मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय येते? गोष्ट सांगायची. तेव्हा रात्री फराळानंतर ओट्यावर सगळे जमले असताना मी अशी गोष्ट काढली, की ती ऐकून समुद्राचे नाव काढणाऱ्याने कानाला खडा लावावा. ती गोष्ट हेन्री बॉवर्सची.

हा १८८३ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. वडील जहाजाचे कप्तान. ते रंगूनला वारले तेव्हा पोर अगदी लहान होते. आई एमिली हिने दोन मुली आणि हा एकुलता एक मुलगा यांना वाढवले. मुलगा चौदाव्या वर्षी वूस्टर नावाच्या शिक्षण-जहाजावर गेला, पुढे शिडाच्या व्यापारी जहाजांवर राबला, आणि १९०५ मध्ये रॉयल इंडियन मरीनमध्ये अधिकारी झाला. या दलाचे मुख्य ठाणे आपली मुंबई. हेच दल १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झाले, आणि १९५० पासून आपले भारतीय नौदल. म्हणजे नात्याने पाहिले तर बॉवर्स आपल्याच नौदलाचा पूर्वज!

त्याने ब्रह्मदेशात इरावती नदीवर नोकरी केली, इराणच्या आखातात चोरटी शस्त्रे नेणाऱ्यांचा पाठलाग केला. उंची अवघी पाच फूट चार इंच, आणि नाक एवढे मोठे, की सोबत्यांनी नाव ठेवले ‘बर्डी’, म्हणजे पाखरू. या उन्हातान्हातल्या माणसाला वेड लागले होते बर्फाचे. कॅप्टन स्कॉटची दक्षिण ध्रुवाची मोहीम निघाली, तिच्यासाठी आठ हजारांवर लोकांनी अर्ज केले. बॉवर्सची निवड मुलाखतीशिवाय झाली! आणखी एक गंमत अशी, की ध्रुवापर्यंत गेलेल्या पाच जणांपैकी दुसरा, घोडदळातला कॅप्टन ओट्स, हाही त्या वेळी हिंदुस्थानातच होता. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत.

“महू?” मामा एकदम सावरून बसले. “अकोल्याहून खांडव्याची गाडी तिकडंच जात होती की!” मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा सारा भूगोल रेल्वेच्या रुळांवरून जातो.

मी पुढे निघालो. १९१० च्या जूनमध्ये ‘टेरा नोव्हा’ जहाज निघाले. बॉवर्सकडे काम होते कोठाराचे. कोणते खोके कुठे ठेवले आहे, कोणत्या डब्यात काय आहे, हे त्याला तोंडपाठ. स्कॉटने हे पाहिले आणि जहाजावरच ठेवायच्या या माणसाला बर्फावर उतरणाऱ्या तुकडीत घेतले. इथे मी वहिनींकडे पाहून म्हणालो, “तुमच्या फडताळासारखं. अंधारात हात घातला तरी हिंगाची डबी बरोबर हाताला लागते ना, तसं.” वहिनी हसल्या नाहीत.

१९११ च्या जूनअखेर, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, चोवीस तास काळोख असताना, बॉवर्स आणि दोन सोबती पेंग्विन पक्ष्यांची अंडी आणायला निघाले. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, पण जाऊन यायला पाच आठवडे लागले. पारा शून्याखाली साठ अंशांपर्यंत उतरला. आपला वैशाख आणि तो हिवाळा यांत शंभराहून अधिक अंशांचे अंतर! वादळाने तंबू उडवून नेला. तंबू नाही म्हणजे मरण नक्की. वारा थांबल्यावर सुदैवाने तो उताराखाली सापडला. परत येताना बॉवर्सने तंबूला दोरी बांधली आणि तिचे दुसरे टोक आपल्या झोपायच्या पिशवीत घेतले. तंबू गेला, तर आपणही त्याच्याबरोबर जायचे! एवढ्या खटाटोपातून हाती आली तीन अंडी.

“तीन?” पुतणीचा धाकटा भाऊ खो-खो हसला. मला बरे वाटले. गोष्ट हव्या त्या वाटेने चालली होती.

मग मी शेवटाकडे वळलो. १९१२ च्या जानेवारीत शेवटची मदत-तुकडी परत फिरली, तेव्हा स्कॉटने चौघांऐवजी पाच जण पुढे नेले. पाचवा बॉवर्स. शिधा चौघांच्या हिशेबाने बांधलेला. इतर चौघांच्या पायांत बर्फावरून घसरायच्या पट्ट्या, आणि बॉवर्सच्या पट्ट्या आधीच मागे ठेवलेल्या. म्हणजे सर्वांत बुटका माणूस बर्फात पाय रुतवत चालत गेला! १७ जानेवारीला ते ध्रुवावर पोचले. पण नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबरलाच येऊन गेला होता. पाच जणांचे जे छायाचित्र जगभर छापले गेले, ते बॉवर्सनेच दोरी ओढून काढले. त्या चित्रात एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नाही.

परतीच्या वाटेवर आधी इव्हान्स गेला. मग पाय निकामी झालेला ओट्स, आपल्यामुळे सोबत्यांचा खोळंबा नको म्हणून, वादळात तंबूबाहेर निघून गेला. स्कॉट, डॉक्टर विल्सन आणि बॉवर्स हे तिघे मार्चअखेर तंबूतच संपले. पुढचे अन्नाचे कोठार तिथून अकरा मैलांवर होते. बॉवर्सचे वय अठ्ठावीस.

त्यांचा शोध लागला नोव्हेंबरात. शोधणाऱ्या तुकडीबरोबर हिंदुस्थानातून पाठवलेली सात खेचरे होती. त्यांची नावे लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. त्या निर्जन बर्फात कोणी “प्यारी, चल” असे म्हणत असेल, या कल्पनेने मला नेहमीच गलबलून येते.

गोष्ट संपली. ओट्यावर शांतता. आकाशकंदील तेवढा हलत होता. मी विजयी मुद्रेने पुतणीकडे पाहिले.

ती म्हणाली, “काका, त्यांच्याजवळ दगड सापडले ना? सोळा किलो. मरेपर्यंत ओढले त्यांनी.”

तिने हे कुठेतरी वाचले होते, आणि ते खरे होते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या प्राचीन झाडाच्या पानांचे ठसे होते. तसलेच ठसे आपल्या कामठीच्या आणि चंद्रपूरकडच्या खडकांत सापडतात. एके काळी हिंदुस्थान आणि दक्षिण ध्रुवाचा खंड एकाच भूभागाचे तुकडे होते, याची ती साक्ष. त्या भूभागाचे नाव गोंडवन, आपल्याच गोंडांच्या मुलुखावरून पडलेले. पुतणी म्हणाली, “म्हणजे ते आपलंच गाव आहे, काका. थोडं लांब सरकलेलं.”

मी निरुत्तर झालो. नको म्हणून सांगितलेली गोष्ट हिला ‘ये’ म्हणून ऐकू आली होती! मग तिने माझीच शिकवणी घेतली. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम, तिचे एकवीस जण, डॉ. कासिम हे नेते. १९८३ मध्ये गेलेल्या नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि त्यांच्या सोबतच्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. आणि २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून निघून, पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परतलेल्या नौदलाच्या दोन अधिकारी, दिलना आणि रूपा. मुलीचा अभ्यास पक्का होता. कच्चा होता तो माझा.

इतका वेळ वहिनी गप्प होत्या. आता त्यांनी विचारले, “त्याच्या मायले कवा समजलं?”

हा प्रश्न मला आजवर कोणत्याही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. मी सांगितले, की बातमी जगाला कळली ती १९१३ च्या फेब्रुवारीत.

“म्हंजे साडेधा महिने तिचं पोरगं जित्तं नव्हतं, आन् ती वाट पाहत होती.”

“हो. त्याने तंबूतून आईला पत्र लिहिलं होतं. स्कॉटनेही तिला लिहिलं, की तुमचा मुलगा शेवटपर्यंत आनंदी आणि आशावादी होता.”

वहिनींनी पदराने डोळे टिपले. मला वाटले, आता निकाल लागला. मी गोष्ट सांगितली होती मुलीला, पण घाव बसला होता आईला, आणि त्याबद्दल मनातून मला ओशाळल्यासारखेही झाले. धोका नाही असे मी त्यांना सांगू शकत नव्हतो. आजची जहाजे वेगळी, बिनतारी यंत्रे वेगळी, हे सारे खरे. पण आईच्या हिशेबात ती वजाबाकी बसत नाही.

बराच वेळ गेला. मग वहिनी मुलीकडे वळून म्हणाल्या, “तुले पोहता तं येत नाई. समुद्रात जाऊन काय करशीन?”

पुतणीने मान खाली घातली. खरेच की! आम्ही सगळे ध्रुवापर्यंत जाऊन आलो, पण हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी मी उठलो तो घर रिकामे. पावसाळा नुकताच सरल्याने मळ्यातली विहीर तुडुंब होती. तिच्या काठावर मामा खुर्ची टाकून सूचना देत होते. पाण्यात पुतणी, पाठीला सुका भोपळा बांधलेला, हातपाय मारून अर्धी विहीर नाकातोंडात घेत होती. तिच्या कमरेला दोर होता. दोराचे दुसरे टोक वहिनींनी आपल्या मनगटाला दोन वेढे देऊन धरले होते.

मला पाहताच त्या म्हणाल्या, “भाऊजी, परीक्षेचा फारम कवा भरायचा अस्ते, ते पाहून ठेवजा.”

“म्हणजे तुम्ही हो म्हणालात?”

“हो कुठं म्हटलं? पोहणं शिकवून राह्यली.” आणि खाली वाकून ओरडल्या, “पाय हालव, पाय! दोर म्या धरला हाये.”