नाव वाचवायचं की माणूस?



पावसाळा लागला की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं, हे आपल्याकडची शाळकरी पोरंही सांगतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. आकडा ऐकून सुतारवाड्यातल्या बायका भांडीकुंडी बांधायला घेतात. त्या आकड्यावर कोण शंका घेत नाही. कारण तो खरा असतो, परत परत सांगितला जातो आणि ऐकल्यावर काय करायचं ते कळतं. संकटात लोकांशी कसं बोलावं, याचा धडा आपल्या पंचगंगेवरच आहे. रोगराईच्या वेळी मात्र तो विसरला जातो.

ऑगस्ट २०१९ आठवा. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. महामार्ग बंद, उपसा केंद्रं पाण्यात, त्यामुळे भोवती पूर आणि नळाला थेंब नाही. त्या दिवसांतलं सरकारचं काय लक्षात राहिलं? मदतीच्या पाकिटांवरचे मुख्यमंत्री आणि आमदारांच्या फोटोंचे स्टिकर. पूर बघायला निघालेल्या बोटीत हसताना दिसलेले मंत्री. आणि घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तर १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ फुकट, असा आदेश. जवान, सफाई कामगार, आशाताई त्याच पुरात रात्रंदिवस राबले. पण नाव मिळवायच्या घाईत त्यांचं काम झाकलं गेलं आणि सरकारचं नावही गेलं.

मी नर्सची नोकरी केली आहे, त्यामुळे आतली बाजू मला माहीत आहे. एका पुरात मी निवारा केंद्रात मदतीला होते. पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या होत्या, पण त्या कशाच्या, किती पाण्यात किती टाकायच्या, हे कुणी सांगितलं नव्हतं. वास आला म्हणून बायकांनी त्या ठेवून दिल्या. त्यात कुणीतरी उठवलं की या गोळीनं मूल होत नाही. दोन दिवसांत पोरांना जुलाब सुरू झाले. एक साहेब आले आणि आम्हाला म्हणाले, “बाहेर बोलू नका, सगळं आटोक्यात आहे.” जाताना आणखी एक वाक्य टाकून गेले, “या लोकांना स्वच्छताच कळत नाही.”

बघा, खात्याचं नाव वाचवायला वस्तीचं नाव खराब केलं. हे आपल्या वाट्याला नेहमी येतं. चूक वर होते आणि बोट खाली दाखवलं जातं. त्या रात्री आम्ही दोघी-तिघी बायकांमध्ये जाऊन बसलो. गोळी पाण्यात टाकली, अर्धा तास थांबलो आणि तेच पाणी त्यांच्यासमोर प्यालो. सकाळी त्यांनी स्वतःहून गोळ्या मागितल्या.

नाव कसं टिकतं, याचं एक उदाहरण परदेशातलं आहे. १९८२ साली अमेरिकेत शिकागो भागात ‘टायलेनॉल’ या दुखण्यावरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं. सात माणसं दगावली. आत असतं ते आपलं साधं पॅरासिटामॉलच. विष कंपनीनं घातलं नव्हतं. तरी जॉन्सन अँड जॉन्सननं लोकांना ते घेऊ नका म्हणून सांगितलं, सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या आणि लोकांसाठी फोन सुरू ठेवला. पुढं उघडलेलं लगेच कळेल असं सीलबंद पॅकिंग आणलं. नुकसान झालं, पण लोक त्या औषधाकडं परत वळले. त्या कंपनीच्या इतर कारभाराचं कौतुक मला करायचं नाही. पण माणूस आधी वाचवला की नाव मागनं येतं, एवढं त्यातून दिसतं.

आता थोडं आपल्याविषयी. आपणही लपवतो. घरात कावीळ, जुलाब, टीबी निघाला की “गल्लीचं नाव जाईल” म्हणून गप्प बसतो. मग शेजारच्या पोराला तेच होतं. आजार सांगण्यात लाज नाही, लपवण्यात धोका आहे. मोबाईलवर आलेला मजकूर पुढं ढकलण्याआधी आशाताईंना विचारा. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पडताळून बघा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

पुढच्या वेळी आरोग्य केंद्राचा माणूस वस्तीत आला की त्याला उभं करून विचारा: काय झालंय? किती जणांना? पाणी कुठलं प्यायचं आणि गोळी किती लिटरला? त्रास झाला तर कुठं जायचं? तुम्ही परत कधी येणार? एखादं उत्तर त्याच्याकडं नसेल तर त्यानं तसं सांगावं आणि उद्या येऊन सांगावं. त्यानं त्याचा मान कमी होत नाही. मिळालेली उत्तरं विहाराच्या फळ्यावर तारीख टाकून लिहा.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर मेडिकलमधून नुसती तापाची गोळी आणून थांबू नका. तो लेप्टो असू शकतो. डॉक्टरांकडं जा आणि “मी पुराच्या पाण्यात होतो” हे न विचारता सांगा.

आपण खरं सांगू आणि त्यांच्याकडूनही खरंच मागू.