कांस्याचं भांडं आणि माळवदं
इसवी सन 132मध्ये चीनच्या हान दरबारातल्या झांग हेंग या खगोलतज्ज्ञाने कांस्याचं रांजणासारखं भांडं घडवलं. बाहेरून आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या जबड्यात गोळी, खाली आ वासून बसलेले बेडूक. जमीन हादरली की एकच गोळी सुटून खणकन बेडकाच्या तोंडात पडायची आणि धक्क्याची दिशा कळायची. 138 साली अशी एक गोळी पडली तेव्हा राजधानीत कुणालाच काही जाणवलं नव्हतं. काही दिवसांनी पश्चिमेकडच्या लोंगशीहून भूकंपाची वार्ता घेऊन दूत आला. केवढी ही झेप! पण होऊ घातलेला भूकंप ते भांडं सांगत नव्हतं, आजची यंत्रंही सांगत नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात 1992मध्येच जमीन गुरगुरू लागली होती. तरी मोठा भूकंप नकळतच आला: 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गावं निजलेली असताना, दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. 10 जुलै 2024ला हिंगोलीच्या धक्क्याने नांदेडकर सकाळीच घराबाहेर पळाले. केंद्र कुठे, तीव्रता किती, हे आता लगेच मोबाइलवर येतं. पण माझा जीव अडकतो तो खेड्यापाड्यांत अजून उभ्या असलेल्या माळवदांत, मातीच्या सपाट छपरांच्या घरांत. त्यांच्यावरचा मातीचा जड थर उतरवायला आणि भिंतींत आरपार दगड बसवायला गरिबाला पैसा कोण देणार?